हंगामाची गाडी आणि बारमाही हप्ता

वऱ्हाडातल्या ट्रकमालकापुढे हा प्रश्न बहुधा दसरा-दिवाळीच्या तोंडावर येतो. सोयाबीन बाजार समितीत उतरलेले असते, वरुड-मोर्शीकडची आंबिया बहाराची संत्री निघू लागलेली असतात, कापसाचा पहिला वेचा घरात येत असतो, आणि नेमकी तेव्हाच चौदा-पंधरा वर्षांची दहा चाकी धूर टाकू लागते. मिस्त्री सांगतो, ‘इंजिन करून घ्या, पाच वर्षं बघायचं काम नाही.’ शोरूमवाला सांगतो, ‘तिच्यात सहा-सात लाख घालण्यापेक्षा तेच डाउन पेमेंट समजा.’ दोघांचेही बोलणे आपापल्या जागी खरे असते. अडचण एवढीच, की दोघेही गाडीकडे पाहून बोलतात: तिचे वय, तिचा धूर, तिचे अॅव्हरेज. माझ्या मते अमरावती-अकोल्यात या प्रश्नाचे उत्तर इंजिन उघडण्याआधी भाड्याची वही उघडली तर सापडते. जुन्या गाडीचा खर्च किलोमीटरवर चढतो. ती चालली तर डिझेल, टायर, ऑइल मागते. उभी राहिली तर फारसे काही मागत नाही. नव्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे हप्ता, आणि तो महिन्यावर चढतो. इथला माल मात्र हंगामाने निघतो. ऑक्टोबर ते मार्च गाड्या मिळत नाहीत, आणि आषाढ-श्रावणात त्याच गाड्या ट्रान्सपोर्टनगरात ताडपत्री ओढून उभ्या असतात.

हिशेबापुरते काही आकडे धरू. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. जुनी दहा चाकी लिटरला पावणेचार किलोमीटर देते आणि नवी साडेचार. डिझेल ९० रुपये धरले तर जुनीला किलोमीटरमागे २४ रुपये लागतात, नवीला २०. चार रुपयांची ही बचत शोरूममध्ये हमखास ऐकवली जाते. तिथे न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की नव्या गाडीला डिझेलच्या चार-पाच टक्के युरियाचे द्रावणही लागते. ते वजा जाता हाती साडेतीन रुपयांच्या आत उरतात. दुरुस्तीतला फरक उदारपणे अडीच रुपये धरला, तरी नवी गाडी किलोमीटरमागे सहा रुपये वाचवते. आता हप्ता पाहू. गाडी बॉडी बांधून ४० लाखांना पडली, ३२ लाख कर्ज, पाच वर्षे, दहा टक्के व्याज: महिन्याला ६८ हजार. गाडी महिन्याला तीन हजार किलोमीटर चालत असेल तर बचत १८ हजार. आठ हजार चालली तर ४८ हजार. म्हणजे दिल्ली-बंगळूर करणाऱ्या गाडीलाही निव्वळ बचतीवर हप्ता फेडता येत नाही. वीस हजार जादा भाड्यातून यावे लागतात, आणि नव्या गाडीच्या जादा किमतीवर चढणारा विम्याचा हप्ता त्यावर वेगळा. जी गाडी वर्षातले आठच महिने चालते, तिला बारा महिन्यांचे ८ लाख १६ हजार आठ महिन्यांत कमवायचे असतात. कामाच्या महिन्याला ते १ लाख २ हजार पडतात. ‘नवी गाडी डिझेलमध्ये फिटते’ या वाक्याचा हिशेब एवढाच आहे.

मग जादा भाडे येणार कुठून? जुलै २०१८ मध्ये केंद्राने एकेका आसावरचे मान्य वजन वाढवले. चार टायरांच्या एकेरी आसावर पूर्वी १०.२ टन चालत, ते ११.५ झाले; दहा चाकीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. त्याआधी नोंदलेल्या दहा चाकीच्या आरसीवर नोंदणीच्या वेळी २५ टन चढलेले आहेत. म्हणजे नवी गाडी कायद्याने तीन-साडेतीन टन जास्त उचलते, आणि नव्या गाडीच्या बाजूचा हा सर्वांत दमदार मुद्दा आहे. पण वऱ्हाडात तो निम्माच लागू पडतो. मोकळा कापूस भरला तर वजन होण्याच्या कितीतरी आधी हौदा भरतो. तिथे तीन टनांची परवानगी कागदावरच राहते. रुईची गाठ १७० किलोची. शंभर गाठी म्हणजे १७ टन, आणि पुढे उंचीचा प्रश्न. संत्र्यात थरावर थर किती चढवायचे हे फळ ठरवते, आरसी नव्हे. या तीन टनांचे खरे पैसे होतात ते अकोल्याच्या दालमिलांतून बाहेर जाणाऱ्या तूरडाळीवर, सोयाबीनच्या ढेपेवर, सिमेंटवर, लोखंडावर, पारसच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या राखेवर. हा माल वजनाचा आहे, आणि त्यातला बराचसा बारमाहीही आहे. कुणाचा वर्षाचा करार दालमिलीशी किंवा सिमेंटवाल्याशी असेल, परतीचे भाडे ठरलेले असेल, तर त्याने जुन्या इंजिनावर पैसा घालू नये, इतके स्पष्ट उत्तर मी देईन. जिनिंग ते गोदाम आणि खरेदी केंद्र ते जिनिंग एवढ्यावरच ज्याचे वर्ष जाते, त्याचे उत्तर उलटे आहे.

ते उलटे असण्याला पैशांखेरीज एक यांत्रिक कारणही आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. धुराच्या मानकांपैकी देशभर बीएस-३ एप्रिल २०१० पासून, बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले. बीएस-३ च्या बहुतेक ट्रकना साधा यांत्रिक पंप आहे. तो दर्यापूर-मूर्तिजापूरचा मिस्त्रीही उघडतो, नोझल बदलतो, आणि गाडी संध्याकाळी निघते. बीएस-६ च्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. ती भरत आली की आत साठलेली काजळी जाळावी लागते, आणि ते नीट व्हायला गाडी बराच वेळ एका वेगाने, गरम इंजिनावर धावावी लागते. अकोला-नागपूर धावणाऱ्या गाडीत हे काम आपसूक होते. पण जी गाडी चार किलोमीटरवर जाऊन रांगेत दोन तास इंजिन चालू ठेवून उभी राहते, पुन्हा चार किलोमीटर येते, तिची गाळणी तुंबते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढणे सोडते, आणि स्कॅनर लावल्याशिवाय कुणाला काही करता येत नाही. युरियाच्या द्रावणाचेही तसेच. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात ढवळून घातला तर पुढची सगळी यंत्रणा खराब होते. शिवाय हे द्रावण उष्णतेत लवकर उतरते. पंचेचाळीसच्या वर पारा जाणाऱ्या अकोल्यात पत्र्याच्या शेडमध्ये मार्चपासून ठेवलेला कॅन जूनमध्ये कितपत कामाचा राहिला असेल, हे विकत घेणाऱ्याने विचारलेलेच बरे. थोडक्यात, नवी गाडी लांब पल्ल्यासाठी घडवलेली आहे. तिला जिनिंगच्या रांगेत उभे करणे म्हणजे शंकरपटाचा बैल घाण्याला जुंपणे.

जुनी गाडी सुधारायची ठरली, तर सुधारायचे म्हणजे काय हे आधी नक्की करायला हवे. इंजिन करणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, कारण इंजिन पुन्हा नवे होते: लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड, पंप-नोझल. चेसिस होत नाही. म्हणून पहिली पाहणी बॉनेटखाली करण्याऐवजी गाडीखाली करावी. पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला रिव्हेटने बसवलेले असतात तिथली माती खरवडून, पत्र्यावर हातोडी मारत जावे. निकोप पट्टी खणखणीत वाजते, आणि जिथे चीर आहे किंवा दोन पत्र्यांत गंज फुगला आहे तिथे आवाज बसका येतो. मागच्या बाजूला, हौद्याच्या ओझ्याखाली, एखाद्याने पूर्वी वेल्डिंगची पट्टी मारलेली दिसली तर तिथेच थांबावे. मग इंजिन: ते चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढावे. तोंडातून धाप लागल्यासारखे धुराचे झोत येत असतील तर रिंगा गेल्या. झोत नसून गाडी नुसती काळा धूर टाकत असेल तर कदाचित पंपाचे कॅलिब्रेशन आणि नोझल एवढ्यावरही भागेल. अशा वेळी पूर्ण इंजिन खोलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला दुसऱ्या मिस्त्रीचे मत दाखवावे. आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय आहे. त्या पाण्याचे क्षार लाइनरच्या बाहेरून आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात, इंजिन तापते, हेड वाकते, आणि दोष नव्या पिस्टनवर जातो. दोन लाखांचे इंजिन करून त्यात पुन्हा खारे पाणी घालणाऱ्याने ते काम करूच नये. या सगळ्याबरोबर गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, ब्रेक, वायरिंग आणि निदान काही टायर धरले की आकडा सहा लाखांच्या घरात जातो. म्हणजे नव्या गाडीचे जेमतेम नऊ हप्ते.

टायरबद्दल मुद्दाम सांगायला हवे. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत लोणी ते मूर्तिजापूर रस्त्याचे एका मार्गिकेच्या मापाने ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन गिनीज विक्रमात गेले. विक्रमाचे कौतुक आपापल्या परीने करावे. वर्षानुवर्षे रखडलेल्या त्या रस्त्यावर ज्यांचे पाटे तुटले त्यांना ते थोडे उशिराचे वाटणार. पण हा राष्ट्रीय महामार्ग ५३ सुधारल्यामुळे जुन्या गाडीलाही नायलॉनऐवजी रेडियल टायर घालणे परवडू लागले, आणि डिझेलमध्ये त्याचा फरक दिसतो. ज्या गाड्या पावसाळ्यात पांदण रस्त्याने काळ्या मातीत उतरतात त्यांचा हिशेब अर्थात वेगळा. कायद्याची मर्यादाही इथेच नोंदवतो. त्याच बनावटीचे, त्याच जातीचे इंजिन आरटीओच्या नोंदीने बदलता येते; चेसिस लांबवणे, आस वाढवणे असले उद्योग मात्र नकोत. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि कितीही खर्च केला तरी बीएस-३ गाडी आरसीवर बीएस-३ च राहते.

हे शेवटचे वाक्यच विरोधी बाजूचा खरा मुद्दा आहे. जुन्या गाडीला इंजिनाचे एक घड्याळ असते आणि सरकारचे दुसरे. मिस्त्री फक्त पहिले मागे फिरवू शकतो. आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी लागते आणि राज्याचा पर्यावरण करही सुरू होतो. नॅशनल परमिट दोन आसांच्या गाडीला बारा वर्षांपर्यंत आणि मल्टिॲक्सल गाडीला पंधरा वर्षांपर्यंतच मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पासिंगचे शुल्क नव्याने ठरवले, त्यात वीस वर्षांपुढच्या अवजड ट्रकला २५ हजार रुपये मोजावे लागतात. संत्रावाल्यांना सर्वांत झोंबणारी गोष्ट दिल्लीची. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याहून जुन्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद झाला. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा दिलेली आहे. वरुडचा माल आझादपूर मंडीला नेणाऱ्या जुन्या गाडीचे इंजिन कितीही गोड चालत असले, तरी दिल्लीच्या सीमेवर त्या गोडव्याला किंमत नाही. म्हणून दहा-अकरा वर्षांच्या दहा चाकीवर सहा लाख घालणे आणि चौदा वर्षांच्या गाडीवर तेच सहा लाख घालणे यात मोठा फरक आहे. पहिलीला परमिटची चार-पाच वर्षे शिल्लक आहेत, दुसरीला एक. चौदा वर्षांच्या गाडीवर खर्च करायचाच, तर ती आता जिल्ह्यातच राहणार हे मान्य करून, आणि तेवढ्यापुरताच करावा.

आक्षेप आणखीही आहेत. जुनी गाडी वाटेत बंद पडते, आणि संत्र्याची गाडी बैतूल-इटारसीच्या घाटात दोन दिवस अडकली तर वर्षभराची बचत एका खेपेत जाते. हे पूर्ण खरे आहे. म्हणूनच नाशवंत माल लांब नेणाऱ्याला जुनी गाडी ठेवा असे मी म्हणत नाही. पण तूर किंवा सरकी भरलेली गाडी बोरगाव मंजूजवळ बंद पडली तर तिथे संध्याकाळपर्यंत मिस्त्री पोचतो. नुकसान एका दिवसाचे. दुसरा आक्षेप ड्रायव्हरचा. चांगला ड्रायव्हर जुन्या गाडीवर टिकत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाल्यापासून तर हा फरक मे महिन्यात डोळ्यांत भरणार. जुन्या केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर मेच्या दुपारी हात ठेववत नाही. याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. केबिनच्या छताला आणि झाकणाला उष्णतारोधक अस्तर लावणे हा सहा लाखांच्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरला जाणारा खर्च आहे, एवढेच सांगता येते. तिसरा आक्षेप धुराचा, आणि तो टाळून चालणार नाही. अवजड इंजिनाच्या मानकात काजळीची मर्यादा बीएस-३ ला किलोवॅट-तासाला ०.१० ग्रॅम होती, बीएस-६ ला ०.०१ आहे. कागदावरच दहा पट. दुरुस्त केलेले इंजिन कमी धूर टाकते, पण दहा पट कमी नाही. माझा युक्तिवाद एवढाच, की वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीआधी लाखभर चालणारी जुनी गाडी बदलली गेली पाहिजे, आणि धोरण वयाऐवजी चालण्याकडे पाहू लागले तर तोच पैसा जास्त धूर वाचवेल.

कराच्या बाबतीत शोरूममध्ये अर्धेच सांगितले जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी लावणाऱ्या एकट्या मालकाला कराचा परतावा मिळत नसल्याने ही कपात त्याच्यासाठी पूर्ण खरी आहे. टायरही त्याच दिवशी १८ टक्क्यांवर आले, म्हणजे जुनी गाडी सुधारणाऱ्यालाही वाटा मिळाला. ‘घसारा मिळतो, आयकर वाचतो’ हे वाक्य मात्र जपून ऐकावे. भाड्याच्या ट्रकवर ३० टक्के घसारा मिळतो तो वह्या ठेवणाऱ्याला. दहापर्यंत गाड्या असलेले लहान मालक बहुधा गृहीत उत्पन्नाच्या तरतुदीने, म्हणजे आयकराच्या जुन्या कायद्यातल्या ४४ एई कलमाने कर भरत आले. त्यात १२ टनांवरच्या गाडीचे उत्पन्न एकूण वजनाच्या दर टनाला महिन्याला हजार रुपये धरतात, आणि व्याज-घसारा वेगळा वजा होत नाही. २५ टनांच्या जुन्या गाडीचे वर्षाचे गृहीत उत्पन्न तीन लाख, २८.५ टनांच्या नव्या गाडीचे ३ लाख ४२ हजार. गाडी श्रावणात उभी होती की धावत होती, हे तिथेही कुणी विचारत नाही.

महिन्याला चार ते सहा हजार किलोमीटरच्या मधल्या पट्ट्यातल्या मालकाला तिसरी वाट आहे: चार-पाच वर्षे वापरलेली बीएस-६ गाडी. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मोठा घास गिळलेला असतो आणि परमिटची दहा वर्षे शिल्लक असतात. जीएसटीच्या कपातीने नव्याचे भाव उतरले तसे वापरलेल्या गाड्यांचेही उतरायला हवेत. विकणारा ते सहज कबूल करणार नाही. घेण्याआधी अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून गाळणीची आणि युरियाच्या यंत्रणेची स्थिती पाहावी, आणि कुणी ‘सेन्सर बायपास करून दिलाय, कटकट नाही’ असे अभिमानाने सांगितले तर ती गाडी सोडावी. फायनान्सने ओढून आणलेल्या गाड्या लिलावात स्वस्त दिसतात. त्या ज्या हप्त्यापायी आल्या, तोच हप्ता आपण कोणत्या महिन्यांत भरणार आहोत, हे बोली लावताना आठवावे. बीएस-४ च्या वापरलेल्या गाडीचा मोह मी टाळीन: सेन्सरची डोकेदुखी नव्या जमान्याची आणि दिल्लीची दारे जुन्या जमान्यासारखी बंद होत चाललेली.

राहता राहिली ती जुनी गाडी. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या भंगार धोरणात नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य आणि व्यापारी गाडीच्या मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत असे गणित मांडलेले आहे. ४० लाखांच्या गाडीवर ते दीड ते अडीच लाख होतात. चालती दहा चाकी त्याहून जास्त पैसे आणत असेल तर कोणता मालक ती कापायला नेईल? ती विकली जाते, आणि रस्त्यावरून जात नाही. फक्त एक पायरी खाली उतरते. पूर्वी बंगळूर करणारी गाडी नागपूर-छत्रपती संभाजीनगर करू लागते, मग जिनिंगला लागते, मग विटा आणि मुरूम. नव्याच्या बाजूने दिला जाणारा धुराचा दाखला इथे जरा लंगडा पडतो, कारण एका मालकाने नवी घेतली म्हणून अकोटच्या रस्त्यावरचा एक धुराडाही कमी झालेला नसतो. तिथला गिऱ्हाईक इंजिन ऐकत नाही, चेसिस ठोकत नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून तो एवढेच विचारतो, ‘पासिंग कधीपर्यंत आहे?’